हडसनची भरती आणि स्ट्राइपरचा हंगाम : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

वसंत ऋतूत हडसन नदीत चढून येणाऱ्या स्ट्राइप्ड बास या माशाविषयी, ज्याला तिथले गरवणारे नुसते स्ट्राइपर म्हणतात, न्यू यॉर्क आणि न्यू जर्सीतील मराठी वाचकांची पत्रे आली आहेत. ती सारी या वेळी एकत्र घेतली आहेत. पत्रलेखकांपैकी बहुतेक जण कोकणात किंवा गोव्यात खाडीकाठी वाढलेले असल्यामुळे भरती म्हणजे काय हे कोणाला सांगण्याची गरज नाही. हडसनची भरती कोणत्या बाबतीत वेगळी वागते आणि त्या काठावर आपली कोणती सवय सोडावी लागते, एवढेच सांगायचे आहे.

प्रश्न : माझे वडील देवगडला तिथीवरून भरतीची वेळ सांगत. तिथीचा आकडा पाऊणपट केला की भरती किती वाजता येणार ते कळते, हा त्यांचा हिशेब तिकडे कधी चुकत नसे. जर्सी सिटीत मात्र तो साफ चुकतो. अमावास्येला दुपारी बारा वाजता धक्क्यावर गेलो, तर पाणी निम्मे उतरलेले होते. शिवाय भरती पूर्ण झाल्यावर पाणी थांबेल म्हणून वाट पाहिली, तर ते वरच्या दिशेने वाहतच राहिले. याचा उलगडा कराल का?
— एक वाचक, जर्सी सिटी

उत्तर : आपल्या वडिलांचा हिशेब बरोबर आहे, पण तो देवगडचा आहे. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा माथ्यावर येतो आणि भरतीही तेवढीच मागे सरकते, म्हणून दर तिथीला पाऊण तास धरायचा. हिशेबाचा हा भाग न्यू यॉर्कमध्येही तितकाच खरा आहे. फरक पडतो तो सुरुवातीच्या आकड्यात. कोकण किनाऱ्यावर अमावास्या-पौर्णिमेला भरती बाराच्या आसपास येते, त्यामुळे शून्यापासून मोजले तरी चालून जाते. परंतु चंद्र माथ्यावर येणे आणि प्रत्यक्ष पाणी चढणे यांतले अंतर प्रत्येक बंदराचे स्वतःचे असते आणि ते समुद्राची खोली, किनाऱ्याची ठेवण आणि बंदराचे तोंड यांवर ठरते. मॅनहॅटनच्या दक्षिण टोकाशी, म्हणजे बॅटरी येथे, अमावास्या-पौर्णिमेची भरती सकाळी आणि रात्री आठच्या सुमारास येते, आणि उन्हाळ्यात घड्याळे एक तास पुढे केलेली असल्यामुळे ती नऊच्या सुमारास दिसते. २०१२ सालच्या २९ ऑक्टोबरला कोजागरी होती, आणि सँडी वादळाने रेटलेले पाणी त्या रात्री नऊच्या सुमारास, ऐन भरतीवर येऊन आदळले म्हणूनच होबोकन आणि दक्षिण मॅनहॅटनची एवढी दैना झाली, हे आपल्या भागातील जुन्या रहिवाशांना आठवत असेल.

तेव्हा वडिलांच्या उत्तरात हिवाळ्यात आठ आणि उन्हाळ्यात नऊ तास मिळवावेत. अष्टमीचे पाऊणपट सहा, त्यात नऊ मिळवले की पंधरा, म्हणजे दुपारी तीन. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होईल. नेमकी वेळ हवी असल्यास ‘नोआ’ या अमेरिकी सरकारी संस्थेचे भरतीचे तक्ते सर्वांना मोफत पाहता येतात. मात्र ही वेळ बॅटरीची आहे हे विसरू नये. हडसनमध्ये भरती बॅटरीपासून ट्रॉयच्या धरणापर्यंत, सुमारे २४५ किलोमीटर आत जाते, आणि ती लाट नदीतून वर सरकत जात असल्याने पकिप्सीला पाणी बॅटरीपेक्षा चार तासांहून अधिक उशिरा चढते, तर ऑल्बनीला आठ-नऊ तास उशिरा. गंमत अशी की या उशिरामुळे पकिप्सीला अमावास्येची भरती दुपारी एकच्या आसपास पडते, आणि आपल्या वडिलांनी तिथे मुक्काम केला असता तर त्यांचा हिशेब फारसा न बदलता चालला असता.

आपल्या प्रश्नाचा दुसरा भाग गरवणाऱ्याच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. पाण्याची उंची आणि पाण्याचा ओघ या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. अरुंद तोंडाच्या, लवकर संपणाऱ्या खाडीत पाणी भरले की ओघ थांबतो, त्यामुळे आपण दोन्ही गोष्टी एकच मानतो. हडसन लांबच लांब आहे. तिच्यात पाण्याने सर्वाधिक उंची गाठल्यानंतरही तास-दोन तास ओघ वरच्या दिशेनेच चालू राहतो, आणि ओहोटीचा तळ गाठल्यानंतरही पाणी काही काळ समुद्राकडे धावत असते. म्हणून तक्ता पाहताना उंचीचा न पाहता प्रवाहाचा पाहावा. तो वेगळा छापलेला असतो. मुंबईच्या उधाणाच्या भरतीत पाणी चार-साडेचार मीटर चढते आणि न्यू यॉर्कला सरासरीने जेमतेम दीड मीटर, हे पाहून कोणी हडसनला सौम्य समजू नये. एवढ्या रुंद पात्रातून एवढे पाणी दिवसातून चार वेळा दिशा बदलते, तेव्हा छोटी होडी नांगरावरही सहज फिरते.

स्ट्राइपर वाहत्या पाण्यात खातो. ओघ मंदावून थांबतो त्या वेळेला तो बहुधा आमिषाकडे पाहत नाही, आणि ओघ पुन्हा सुरू झाल्यावर पहिल्या तासा-दीड तासात त्याची भूक जागी होते, असा तिथल्या जाणत्यांचा अनुभव आहे. उधाणाच्या दिवसांत ओघ इतका जोराचा असतो की जड शिसे लावूनही आमिष तळाशी टिकत नाही; भांगाच्या, म्हणजे भरती कमी चढण्याच्या, दिवसांत ते टिकते, पण मासा आळसावतो. आमच्या मते या दोहोंच्या मधले दिवस, म्हणजे उधाण ओसरल्यानंतरचे तीन-चार दिवस, नवख्या माणसाला सर्वात सोयीचे. एप्रिलमध्ये आणखी एक भर पडते. डोंगरातील बर्फ वितळून नदीला पूर आलेला असतो आणि वरच्या भागात ओहोटी लांबते, भरती आखडते. तेव्हा तक्त्यातील वेळेवर न विसंबता पाण्यावरच्या काटक्या कोणीकडे वाहतात ते पाहावे.

प्रश्न : आम्ही पकिप्सीला राहतो. इथून समुद्र शंभर किलोमीटरहून दूर आहे आणि नदीचे पाणी तर शहराला पिण्यासाठी पुरवले जाते. मग हा समुद्री मासा इतक्या आत का येतो? आमचे एक स्नेही म्हणतात की हा अमेरिकेचा जिताडाच आहे. हे कितपत खरे?
— एक वाचिका, पकिप्सी

उत्तर : तो विणीसाठी येतो. स्ट्राइपर वर्षाचा बराच काळ समुद्रात, मेनपासून कॅरोलायनापर्यंतच्या किनाऱ्यालगत फिरतो, आणि वसंतात अंडी घालण्यासाठी गोड्या पाण्यात शिरतो. पूर्व किनाऱ्यावर त्याची मोठी विणीची ठिकाणे तीन, चेसापीक उपसागराच्या नद्या, डेलावेअर आणि हडसन. हडसनमध्ये पाणी साधारण १३ ते १८ अंश सेल्सिअस झाले की, म्हणजे मे महिन्यात आणि जूनच्या सुरुवातीला, आपल्या शहराच्या खालच्या-वरच्या टप्प्यात, वेस्ट पॉइंटपासून किंग्स्टनच्या आसपासपर्यंत, विणीचा जोर असतो. नर आधी पोहोचतात, मोठ्या माद्या मागून येतात. फोर्सिथियाची पिवळी झुडपे फुलली की मासा नदीत आला आणि लायलॅक फुलला की हंगाम भरात आला, अशी काठावरची खूण आहे, आणि ती तापमापकाइतकीच उपयोगी पडते, कारण फूल आणि मासा दोघेही त्या वर्षीच्या उबेप्रमाणे पुढेमागे होतात.

या माशाची अंडी पाण्याहून किंचित जड असतात. ती तळाच्या गाळात बसली तर गुदमरतात, म्हणून उबण्यासाठी लागणारे सुमारे दोन दिवस त्यांना वाहत्या पाण्याने तरंगत ठेवावे लागते. केवळ खाली वाहणारी नदी असती तर दोन दिवसांत ती अंडी कुठल्या कुठे गेली असती. हडसनमध्ये पाणी सहा तास खाली आणि सहा तास वर जात असल्यामुळे अंडी हलती राहतात, तरी त्याच पट्ट्यात राहतात. त्यातून निघालेली पिले हळूहळू खाली सरकत हॅवरस्ट्रॉ उपसागराच्या उथळ, मचूळ पाण्यात वाढतात. खारे पाणी किती वर चढते हेही ऋतूवर अवलंबून असते. पुराच्या दिवसांत ते टॅपन झी या नदीच्या खालच्या, रुंद पात्राच्या आसपास अडवले जाते, आणि कोरड्या उन्हाळ्यात न्यूबर्गपर्यंत, क्वचित आपल्या पकिप्सीपर्यंतही येऊन ठेपते. पिण्याच्या पाण्याची काळजी आपल्या नगरपालिकेला त्या दिवसांत घ्यावी लागते ती यामुळेच.

जिताड्याशी तुलना दिसण्यापुरती आणि चवीपुरती ठीक आहे, पण दोघांचा प्रवास उलटा आहे. रायगडच्या खाड्यांतला जिताडा वाढतो गोड्या-मचूळ पाण्यात आणि अंडी घालायला खाडीच्या तोंडाकडे, खाऱ्या पाण्याकडे जातो. शिवाय तो आयुष्याची सुरुवात नर म्हणून करतो आणि पुढे मादी होतो. स्ट्राइपरमध्ये असा बदल होत नाही. एका बाबतीत मात्र दोघे सारखे आहेत. गळाला लागलेला फार मोठा मासा बहुतकरून मादीच असतो. स्ट्राइपर तीस वर्षे जगू शकतो. २०११ साली कनेटिकटच्या पाण्यात गळाने धरलेला विक्रमी मासा ३७ किलोंहून अधिक वजनाचा होता. हडसनमध्ये पंधरा-वीस किलोची मादी लागणे ही नवलाची गोष्ट असली तरी अशक्य नाही.

प्रश्न : यासाठी परवाना लागतो का? किती पैसे पडतात?
— एक वाचक, यॉन्कर्स

उत्तर : समुद्रातून येणाऱ्या माशांसाठी, म्हणजे स्ट्राइपर आणि हेरिंग यांसाठी, न्यू यॉर्क राज्याच्या सागरी मासेमारी नोंदवहीत नाव घालावे लागते आणि ही नोंद विनामूल्य आहे. न्यू जर्सीतही खाऱ्या पाण्यासाठी अशीच मोफत नोंदणी आहे. मात्र टॅपन झी पुलाच्या (आताचे नाव मारिओ कुओमो पूल) वर हडसनमध्ये कॅटफिश किंवा अन्य गोड्या पाण्यातील मासे गरवायचे असतील तर पैसे भरून गोड्या पाण्याचा परवाना घ्यावा लागतो. एप्रिलमध्ये होडीने जाणार असाल तर एक नियम ध्यानात ठेवावा. १ नोव्हेंबरपासून १ मेपर्यंत २१ फुटांहून लहान होडीत प्रत्येकाने जीवरक्षक जाकीट अंगावर घातलेले असलेच पाहिजे. पाणी त्या दिवसांत इतके थंड असते की पट्टीचा पोहणाराही काही मिनिटांत हातपाय हलवेनासा होतो.

प्रश्न : गेल्या मे महिन्यात न्यूबर्गजवळ मला ३८ इंची मासा लागला. शेजारच्या होडीतल्या गृहस्थांनी तो सोडून द्यायला लावला. मालवणला एवढा मासा लागला असता तर सगळी वाडी बघायला आली असती. लहान मासा सोडावा हे पटते. मोठा का सोडायचा?
— एक वाचक, व्हाइट प्लेन्स

उत्तर : त्या गृहस्थांनी आपल्याला दंडापासून वाचवले. २०२४ पासून जॉर्ज वॉशिंग्टन पुलाच्या उत्तरेस हडसनमध्ये १ एप्रिल ते ३० नोव्हेंबर या काळात दररोज एकच स्ट्राइपर ठेवता येतो आणि त्याची लांबी २३ ते २८ इंचांच्या दरम्यान असावी लागते. पुलाच्या दक्षिणेस आणि समुद्रात हंगाम १५ एप्रिल ते १५ डिसेंबर आणि लांबी २८ ते ३१ इंच. न्यू जर्सीच्या पाण्यातही मर्यादा २८ ते ३१ इंचांची आहे. लांबी मोजताना तोंडाच्या टोकापासून शेपटीची दोन्ही टोके एकत्र दाबून अखेरपर्यंत मोजावी. हे आकडे गेल्या काही वर्षांत अनेकदा बदलले आहेत, त्यामुळे दर हंगामाच्या आधी राज्याच्या पर्यावरण खात्याचे चालू नियम वाचल्याशिवाय गळ टाकू नये.

आता कारण. मादी चार ते आठ वर्षांची होईपर्यंत विणीला येत नाही. त्यानंतर ती जितकी मोठी, तितकी अंडी अधिक, आणि मोठ्या मादीच्या पोटात ती दहा लाखांच्याही वर असतात. लहान मासा सोडावा आणि मोठा न्यावा हा आपला जुना न्याय पिलांना वाचवतो, पण जी पिले देणार तिलाच खातो. हडसनमध्ये तर आपण तिला नेमके विणीच्या वाटेवर गाठतो. म्हणून येथे खालची आणि वरची अशी दुहेरी मर्यादा घातलेली आहे, आणि आमच्या मते हा नियम कोकणातील खाड्यांच्या जिताड्यालाही लावण्यासारखा आहे.

यामागे चाळीस वर्षांचा अनुभव आहे. १९७० च्या दशकाच्या अखेरीस आणि १९८० च्या सुरुवातीस हा मासा किनाऱ्यावरून जवळपास नाहीसा होऊ लागला. १९८४ मध्ये अमेरिकी काँग्रेसने त्याच्यासाठी स्वतंत्र कायदा केला, मेरिलँडने १९८५ ते १९९० या काळात तो धरण्यावर संपूर्ण बंदी घातली, आणि १९९५ मध्ये साठा पूर्ववत झाल्याचे जाहीर झाले. त्यानंतर लोक पुन्हा सैल झाले. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत साठा पुन्हा धोक्याच्या रेषेखाली गेल्याचे आढळले. २०१५ साली जन्मलेली पिढी संख्येने मोठी होती आणि ती विणीच्या वयाला आली असताना तिचा फडशा पडू नये, म्हणून अटलांटिक किनाऱ्यावरील राज्यांच्या मत्स्य आयोगाने २०२३ मध्ये तातडीने ३१ इंचांची वरची मर्यादा घातली. चेसापीकमध्ये २०१९ पासून पिलांचे प्रमाण सातत्याने कमी आहे, त्यामुळे हा निर्बंध इतक्यात उठेल असे वाटत नाही.

मासा सोडायचा म्हणजे पाण्यात फेकायचा नव्हे. साठ्याच्या गणितात सोडलेल्या माशांपैकी ९ टक्के मरतात असे धरले जाते, आणि पाणी कोमट असेल किंवा मासा फार वेळ झुंजवला असेल तर हे प्रमाण वाढते. त्याला ओल्या हातांनी धरावे, कल्ल्यांत बोटे घालू नयेत, पोटाखाली आधार द्यावा, आणि छायाचित्र काढायचेच असेल तर कॅमेरा तयार ठेवून मगच त्याला पाण्याबाहेर काढावे. लोखंडी आकडी खुपसून मासा वर घेण्यास मनाई आहे.

प्रश्न : आमिष कोणते लावावे? आणि गोल गळाची सक्ती आहे म्हणतात, पण त्याने मासा लागतच नाही.
— एक वाचक, पीकस्किल

उत्तर : हडसनमध्ये स्ट्राइपर हेरिंगच्या मागे येतो. एलवाइफ आणि ब्लूबॅक या दोन्ही जातींच्या हेरिंग त्याच दिवसांत विणीसाठी वर चढतात, त्यामुळे जिवंत हेरिंग हे पहिल्या प्रतीचे आमिष. ती १५ मार्च ते १५ जून या काळात प्रत्येकी दहांपर्यंत धरता येते. हेरिंग न मिळाल्यास तिचे तुकडे, अथवा दुकानात मिळणारे समुद्री किडे वापरावेत. किड्यांना स्ट्राइपरपेक्षा व्हाइट पर्च आणि कॅटफिश अधिक लागतात, ही त्यांची एकमेव अडचण. नदीच्या खालच्या भागात आणि बंदरात हेरिंगची जागा मेनहेडन हा तेलकट मासा घेतो. होडी असेल तर ओघाबरोबर सोडत जावे. काठावरून गरवायचे असेल तर ओहोटीच्या वेळी रोंडाउट, इसोपस, कॅट्सकिल, क्रोटन अशा उपनद्यांच्या तोंडाशी बसावे, कारण उतरणारे पाणी लहान मासे बाहेर आणते आणि मोठे तिथे टपून असतात. खाडीला मिळणाऱ्या ओहोळाच्या तोंडावर आपण हेच करत आलो आहोत.

गोल गळाची सक्ती खरी आहे. नैसर्गिक आमिष लावून स्ट्राइपर गरवताना टोक आत वळलेला, सरळ बसणाराच गळ लावावा लागतो, कारण साधा गळ मासा पोटापर्यंत गिळतो आणि मग त्याला सोडून उपयोग नसतो. आपल्याला मासा लागत नाही तो झटक्यामुळे. साध्या गळाला झटका द्यायचा असतो. गोल गळाला तो दिला की गळ तोंडातून निसटून येतो. तंगूस ताणू द्यावा, मासा आमिष घेऊन वळू द्यावा, आणि मग रीळ संथपणे गुंडाळायला लागावे. गळ आपोआप जबड्याच्या कोपऱ्यात रुततो. हाताला लागलेली सवय मोडायला एखादा हंगाम जातो.

प्रश्न : नदीतला मासा घरी आणून कालवण करावे की नाही, यावर आमच्या घरी वाद आहे. मुले दहा आणि सहा वर्षांची आहेत. यजमान निळ्या कुर्ल्याही आणतात. नदी आता स्वच्छ झाली आहे असे सगळे म्हणतात. नेमके काय समजावे?
— एक वाचिका, एडिसन

उत्तर : मुलांना हडसनचा स्ट्राइपर देऊ नये, आणि आपणही पन्नाशीच्या आतील असाल तर खाऊ नये. न्यू यॉर्क राज्याच्या आरोग्य खात्याचा पन्नास वर्षांखालील स्त्रिया आणि पंधरा वर्षांखालील मुले यांना असाच सल्ला आहे. आपल्या यजमानांना कॅट्सकिल गावाच्या खालच्या भागातला स्ट्राइपर महिन्यातून एकदा, साधारण सव्वादोनशे ग्रॅम, चालेल. कॅट्सकिल ते ट्रॉय या वरच्या टप्प्यातला मात्र कोणीच खाऊ नये. खालच्या टप्प्यातही कॅटफिश सर्वांनाच वर्ज्य आहे.

नदी स्वच्छ झाली आहे हे अर्धे खरे आहे. सांडपाणी पुष्कळच कमी झाले, पाण्याचा वास गेला, लोक पोहूही लागले. पण माशात अडकलेला दोष डोळ्यांना दिसत नाही. हडसन फॉल्स आणि फोर्ट एडवर्ड येथील जनरल इलेक्ट्रिकच्या कारखान्यांतून सुमारे तीस वर्षे, १९७७ पर्यंत, पीसीबी नावाची रसायने नदीत सोडली गेली. ती पाण्यात विरघळत नाहीत. गाळात बसतात, तिथून किड्यांत, किड्यांतून लहान माशांत आणि शेवटी मोठ्या माशाच्या चरबीत साठतात. १९७६ मध्ये हडसनमधील स्ट्राइपरची व्यापारी मासेमारी याच कारणाने बंद झाली आणि आजही ती सुरू झालेली नाही. नदीचा सुमारे ३२० किलोमीटरचा पट्टा १९८४ मध्ये केंद्र सरकारच्या प्रदूषित स्थळांच्या यादीत गेला, आणि २००९ ते २०१५ या काळात वरच्या भागातला गाळ उपसण्यात आला. तरीही सल्ला उठलेला नाही.

स्वयंपाकाने हा दोष जात नाही, थोडा कमी करता येतो. कातडी, पाठीवरची आणि पोटाकडची चरबी, तसेच कडेने जाणारा गडद मांसाचा पट्टा काढून टाकावा आणि मासा जाळीवर भाजावा, म्हणजे चरबी गळून जाते. या एका बाबतीत आपली पद्धत आड येते. डोके, पोटाचा भाग आणि कातडीसकट तुकडे घालून केलेल्या कालवणात सगळी चरबी रशात उतरते, आणि मुलांना तर आपण भातावर रस्साच वाढतो. तेव्हा या नदीच्या माशाचे कालवण नको.

कुर्ल्यांच्या बाबतीत त्या कुठे धरल्या हे आधी विचारावे. एडिसनहून जवळ पडणाऱ्या नेवार्क उपसागरात, तसेच भरतीच्या पट्ट्यातील पसेइक आणि हॅकेन्सॅक नद्यांत, आर्थर किल आणि किल व्हॅन कल या खाड्यांत निळ्या कुर्ल्या धरणेच बेकायदा आहे, कारण तेथील गाळात डायॉक्सिन हे विषारी रसायन आहे. इतर ठिकाणच्या असतील तर कवचाखालचा हिरवट-पिवळा मऊ गर, जो आपल्याकडे सर्वात चविष्ट समजून मुद्दाम वाटणात कालवतात, तो पूर्ण काढून टाकावा आणि उकडलेले पाणी फेकून द्यावे. विषारी द्रव्ये त्या गरातच साठतात.

प्रश्न : जूननंतर स्ट्राइपर गेला की नदीत काय उरते? आणि एक अजस्र, खवल्यांऐवजी हाडांच्या ढाली असलेला मासा पाण्याबाहेर उडी मारताना दिसला, तो कोणता?
— एक वाचक, बीकन

उत्तर : बरेच काही उरते. वर्षभर राहणारा व्हाइट पर्च हा स्ट्राइपरचाच लहान भाऊबंद. अंगावर पट्टे नसतात, त्यामुळे ओळखायला सोपा, आणि मुलांना गरवायला शिकवण्यासाठी याच्याइतका उत्तम मासा नाही. उन्हाळ्याच्या रात्री तळाला चॅनल कॅटफिश आणि व्हाइट कॅटफिश लागतात. शिंगटी हाताळलेल्यांना काट्यांची काळजी कशी घ्यावी हे सांगायला नको. दगडी बांधांशेजारी स्मॉलमाउथ बास असतो. पाणी मचूळ होत गेले की टॅपन झीच्या खाली लहान ब्लूफिश शिरतात, आणि बंदराच्या तोंडाशी फ्लूक, पोर्गी, खडकाळ जागी ब्लॅकफिश. ईलही भरपूर; ही वाम सारगासो समुद्रात जन्मून काचेसारख्या पारदर्शक पिलाच्या रूपात वसंतात हडसनच्या उपनद्यांत शिरते आणि पुष्कळ वर्षांनी, आयुष्यात एकदाच, अंडी घालायला परत जाते. शॅड, म्हणजे आपल्या हिलशाचा अमेरिकी नातेवाईक, नदीत येतो, पण हडसनमध्ये तो धरण्यास २०१० पासून पूर्ण बंदी आहे.

आपण पाहिलात तो स्टर्जन. अटलांटिक स्टर्जन ही हडसनमधील सर्वात मोठी जात. एकोणिसाव्या शतकात तो इतका मुबलक होता की त्याच्या मांसाला लोक ‘ऑल्बनी बीफ’ म्हणत. अतोनात मासेमारीने तो संपत आला, न्यू यॉर्कने १९९६ मध्ये बंदी घातली आणि २०१२ मध्ये तो केंद्रीय कायद्याने संकटग्रस्त ठरला. चुकून गळाला लागलाच तर त्याला पाण्याबाहेर न काढता तंगूस शक्य तितका गळाजवळ कापावा.

प्रश्न : या माशामुळे मॅनहॅटनमधला एक महामार्ग रद्द झाला असे वाचले. ही अतिशयोक्ती नाही ना?
— एक वाचक, पुणे

उत्तर : नाही, आणि असे एकदा नव्हे तर दोनदा घडले आहे. कॉन एडिसन या वीज कंपनीने १९६२ मध्ये स्टॉर्म किंग डोंगरावर नदीचे पाणी चढवून वीज साठवण्याचा प्रकल्प जाहीर केला. पहिला विरोध डोंगराच्या सौंदर्यासाठी होता. पण पंपांनी विणीच्या पट्ट्यातले पाणी ओढले तर स्ट्राइपरची अंडी आणि पिले मोठ्या संख्येने मरतील, हा मुद्दा पुढे आला आणि तोच भारी ठरला. या प्रकरणात १९६५ मध्ये अपील न्यायालयाने दिलेल्या निकालाने निसर्गरक्षणासाठी नागरिकांच्या संघटनांना न्यायालयात दाद मागण्याचा मार्ग मोकळा झाला. पुढे १९८० मध्ये तडजोड होऊन कंपनीने प्रकल्प सोडला.

आपण वाचलेली हकीकत वेस्टवेची. मॅनहॅटनच्या पश्चिम काठाला नदीत भराव टाकून त्यातून महामार्ग न्यायचा बेत होता. त्या जागी मोडकळीस आलेल्या जुन्या धक्क्यांखाली काहीच जगत नाही असे सरकारी अहवालात म्हटले होते. प्रत्यक्षात धक्क्यांच्या लाकडी खांबांमधल्या संथ पाण्यात स्ट्राइपरची पिले हिवाळा काढत असल्याचे आढळले, आणि ही माहिती नीट मांडली गेली नाही या कारणास्तव न्यायाधीश थॉमस ग्रीसा यांनी १९८२ मध्ये आणि पुन्हा १९८५ मध्ये भरावाची परवानगी अडवली. त्याच वर्षी प्रकल्प सोडून देण्यात आला. महामार्गाला इतर कारणांनीही पुष्कळ विरोध होता, हे सांगितले पाहिजे. परंतु न्यायालयात टिकला तो माशाचा मुद्दा.

प्रश्न : जुलैत आमच्याजवळच्या खाजणात पाण्यावर दाट हिरवा थर पसरतो आणि काठावर काळी, काटेरी बोंडे सापडतात. ही शिंगाड्यासारखी दिसतात. शिंगाडाच आहे का?
— एक वाचिका, किंग्स्टन

उत्तर : होय, त्याच कुळातला. तिथे मात्र तो बाहेरून आलेला तण असून उन्हाळ्यात उथळ पाणी पूर्ण झाकून टाकतो, खालचा प्राणवायू संपवतो आणि लहान माशांना जागा ठेवत नाही. त्याचे बी गाळात बारा वर्षांपर्यंत तग धरू शकते. तो बाळगणे किंवा दुसरीकडे नेणे राज्याच्या कायद्याने मना आहे, तेव्हा उपवासासाठी घरी नेण्याचा विचार असेल तर तो सोडावा. बोंडांचे काटे पातळ तळव्याच्या चपलेतून आरपार जातात; काठावरून गरवताना जाड तळाचे बूट घालावेत, आणि होडी त्या खाजणात ठेवत असाल तर थर दाटण्याआधी, जूनमध्येच, बाहेरच्या धक्क्यावर हलवावी.